पहिली लस कोणाला?

(इयत्ता ७ वी)



साथ आली की लस सर्वांनाच हवी असते. पण ती एका दिवसात सर्वांना मिळत नाही. कारखान्यात ती थोडी थोडी तयार होते, थंड पेटीतून गावोगाव न्यावी लागते आणि टोचणाऱ्या सिस्टरही मोजक्याच असतात. मग आधी कोणाला द्यायची? हा जिवाचा प्रश्न आहे. ज्याचा नंबर मागे लागतो, त्याला तेवढे दिवस आजाराच्या तोंडाशी राहावे लागते. हा नंबर कसा ठरवतात ते मी या लेखात सांगणार आहे.

चिंचोक्यांचा खेळ

आमच्या वर्गात गुरुजींनी एक खेळ घेतला. फळ्यावर गावातल्या ३० माणसांची यादी लिहिली. त्यात सरपंच, सिस्टर, आशाताई, दूधवाला, दुकानदार, एसटीचा ड्रायव्हर, गटारे साफ करणारा, शेतमजूर, म्हातारी आजी, शाळेतली मुले असे सगळे होते. टेबलावर १० चिंचोके ठेवून गुरुजी म्हणाले, "ह्या दहा लसी. वाटा बघू!"

कोणी म्हणाले, सरपंचांना आधी द्या, ते गावात मोठे. कोणी म्हणाले, चिठ्ठ्या टाका, म्हणजे भांडण नको. एकजण म्हणाला, जो आधी येईल त्याला द्या. त्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "माझी आजी काठी टेकत येते. ती पोचेपर्यंत चिंचोके संपतील की!" सगळे हसले. पण गुरुजी म्हणाले, "बरोबर बोलली. पळणाऱ्यालाच लस मिळाली तर ते 'बळी तो कान पिळी' असं होईल." चिठ्ठ्यांत लबाडी नाही, पण चिठ्ठी आंधळी असते. धडधाकट कोण आणि दमेकरी कोण, हे तिला कळत नाही.

मग गुरुजींनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले :

१) आजार झाला तर जिवाला जास्त धोका कोणाला?
२) रोज आजारी माणसाच्या जवळ कोणाला जावेच लागते?
३) कोण अंथरुणाला खिळला तर बाकीच्यांचे हाल होतील?

या प्रश्नांत पैसा नाही, खुर्ची नाही आणि ओळखही नाही. सिस्टर आणि आशाताई दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नात बसतात. त्याच आजारी पडल्या तर गावाला लस टोचणार कोण? म्हणून आमचे पहिले चिंचोके त्यांच्याकडे गेले आणि नंतरचे म्हाताऱ्या माणसांकडे.

आपल्या देशात काय झाले

कोरोनाची लस भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. पुण्यात तयार झालेली कोव्हिशिल्ड आणि हैदराबादची कोव्हॅक्सिन अशा दोन लसी होत्या. पहिला नंबर सुमारे १ कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांचा लावला. त्यांत डॉक्टरांबरोबर सिस्टर, आशाताई, अंगणवाडीताई आणि दवाखान्यातले सफाई कामगारही होते. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात त्या दिवशी सर्वांत आधी एका सफाई कामगाराला लस टोचली. रुग्णालयाच्या संचालकांनी त्याच्यानंतर घेतली.

फेब्रुवारीत पोलीस, सैनिक, नगरपालिकेचे कामगार यांचा नंबर लागला. १ मार्चपासून ६० वर्षांवरील माणसे आणि ४५ ते ५९ वयाचे, पण हृदयविकार, मधुमेह असे आजार असलेले लोक. १ एप्रिलपासून ४५ वरील सगळे आणि १ मेपासून १८ वरील सगळे. मुलांचा नंबर शेवटी आला. १५ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलांना १६ मार्च २०२२ पासून लस मिळाली. आपल्याला मागे ठेवले म्हणून रागवायचे कारण नाही. कोरोनाने मुलांच्या जिवाला असलेला धोका म्हाताऱ्या माणसांपेक्षा पुष्कळ कमी होता. शिवाय मुलांसाठी लस चांगली आहे का, याची तपासणी नंतर पूर्ण झाली.

आजीचे म्हणणे

तेव्हा मी दुसरीत होते. आजीचा नंबर आला, पण ती आशाताईंना म्हणाली, "माझं काय राहिलंय आता? माझ्या वाटणीची लस माझ्या लेकाला द्या. घर त्याच्यावर चालतंय." बाबा बाजारात जात, दहा माणसांत मिसळत. आजीचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते. इंडोनेशिया देशात आरोग्य कर्मचाऱ्यांनंतर १८ ते ५९ वयाच्या कामकरी लोकांना आधी घेण्याचे ठरले होते. कामाला बाहेर पडणारी माणसे सुरक्षित झाली तर साथ आवरेल, हा एक विचार होता. दुसरे म्हणजे, त्यांच्याकडच्या लसीला तेव्हा ६० वर्षांवरील लोकांसाठी परवानगी नव्हती. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाली.

आशाताई आजीला म्हणाल्या, "आजी, तुमच्या नावाची लस दुसऱ्याला देता येत नाही. आणि तुम्ही आजारी पडलात तर लेक काम सोडून दवाखान्यातच बसेल ना?" हे मात्र आजीला पटले. म्हाताऱ्या माणसाचा जीव वाचतो, घरातल्या कर्त्याची धावपळ वाचते आणि दवाखान्यातली एक खाटही दुसऱ्यासाठी मोकळी राहते.

देवीच्या वेळी वेगळी रीत

आजोबांच्या दंडावर गोल वण आहे. तो देवीच्या लसीचा. देवीच्या रोगात वय पाहून नंबर लावला नव्हता. १९६६ च्या अखेरीस आफ्रिकेत नायजेरियात लस कमी पडली, तेव्हा डॉ. विल्यम फेगी यांनी रोगी कोठे आहेत ते आधी शोधले आणि त्यांच्या आसपासच्या लोकांना लस टोचली. जणू रोगाभोवती कुंपणच घातले. भारतातही १९७३ पासून घरोघर रोगी शोधून हीच रीत वापरली. मे १९७५ नंतर आपल्या देशात देवीची लागण झाली नाही आणि १९८० मध्ये सारे जग देवीमुक्त जाहीर झाले.

मग कोरोनाला असे कुंपण का घातले नाही? कारण देवीचे फोड अंगावर दिसतात आणि रोगी ओळखता येतो. कोरोना मात्र खोकला-ताप येण्याआधीच दुसऱ्याला लागतो. म्हणून रोगाची चाल पाहून नंबर ठरवावा लागतो.

कागदावर आणि गावात

नंबर कागदावर चांगला असला तरी गावात अडचणी येतात. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना मोबाईलवर आधी नाव नोंदवावे लागे. ज्याच्याकडे चांगला फोन आणि रेंज, त्याचे नाव आधी लागे. शहरातली माणसे नाव नोंदवून खेड्यातल्या केंद्रावर येत आणि गावातले लोक पाहत राहत. म्हणजे पुन्हा पळणाऱ्यालाच लस! २४ मेपासून सरकारी केंद्रावर जागेवर नोंदणी करायला परवानगी मिळाली.

त्याच महिन्यात महाराष्ट्रात लस कमी पडली. ४५ वरील पुष्कळ लोकांचा दुसरा डोस राहिला होता. शासनाने १८ ते ४४ वयाच्या लोकांचे लसीकरण काही काळ थांबवून त्यांच्यासाठीची लस इकडे वळवली. तरुणांना वाईट वाटले असेल, पण धोका जास्त कोणाला, हाच प्रश्न येथेही होता.

आणखी एक गोष्ट. कोव्हिशिल्डच्या एका बाटलीत १० डोस असत आणि बाटली उघडली की ४ तासांत संपवावी लागे. नऊच माणसे आली तर दहावा डोस वाया. म्हणून आपला नंबर आला की वेळेवर जावे. आपण गेलो नाही तर ती लस आपल्यालाही नाही आणि दुसऱ्यालाही नाही.

तर मित्रांनो, लसीची रांग हा मानपान नव्हे. पुढचा मोठा आणि मागचा लहान, असे त्यात नसते. थांबल्याने ज्याचे जास्त नुकसान होईल, तो पुढे. पुन्हा कधी अशी वेळ आली तर यादी चावडीवर सर्वांना दिसेल अशी लावा, नंबर कसा लावला ते मोठ्याने वाचून दाखवा आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी जा, असे मला वाटते. कारण समजले की थांबणाऱ्यालाही थांबणे जड जात नाही.