मोटारीच्या छताचे लोंबणारे अस्तर : कारण व दुरुस्ती

जुन्या मोटारीच्या छताचे आतील कापड सुटून खाली लोंबत असल्याचे दृश्य अपरिचित नाही. आरंभी मागील काचेजवळ वीतभर जागेत फुगवटा दिसतो. पुढे तो वाढत जातो, आरशातून मागचा रस्ता दिसेनासा होतो आणि खिडक्या उघड्या ठेवून गाडी वेगात असली म्हणजे तेच कापड चालकाच्या डोक्यावर फडफडू लागते. तेव्हा हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. तथापि पुष्कळ मालक टाचण्या टोचून अथवा कापडाच्या कडेतून गोंद सोडून तो सोडवू पाहतात. थोड्याच दिवसांत कापड पुन्हा खाली येते व दोष गोंदाच्या माथी मारला जातो. वस्तुतः दोष बहुधा गोंदाचा नसतोच.

येथे छताच्या दोन रचनांतील भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. २०१४ साली उत्पादन थांबलेली ॲम्बेसेडर, किंवा ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी, यांसारख्या गाड्यांत अस्तर कोठेही सपाट चिकटवलेले नसते. कापडाच्या अथवा रेक्झिनच्या पाठीवर आडव्या नळ्या शिवलेल्या असतात, त्यांतून पोलादी तारेच्या कमानी ओवलेल्या असतात आणि कमानींची टोके दोन्ही बाजूंच्या भोकांत बसवलेली असतात. अशा अस्तराचे लोंबणे म्हणजे शिवण कुजणे, कमान निसटणे किंवा कडेची पकड सुटणे होय. त्यावरील उपाय शिवणकामाचा आहे. मात्र प्रत्येक कमानीची लांबी व वाक निराळा असल्याने, काढतानाच त्यांवर क्रमांक घालून ठेवावेत. हे न केल्यास नवे अस्तर कितीही ताणले तरी सुरकुत्या जात नाहीत.

त्यानंतरच्या बहुतेक मोटारींत ही पद्धत मागे पडली. तेथे दाबून घडविलेल्या हलक्या तक्त्यावर कापड चिकटवलेले असते, आणि कापडाच्या पाठीस सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोमचा थर असतो. खरे दुखणे या थरात आहे. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या या वर्गातील पदार्थांचे रेणू लांब साखळ्यांचे असतात. साखळीत एस्टर बंध असल्यास हवेतील बाष्प ते हळूहळू तोडते. ईथर जातीचा फोम पाण्यास अधिक टिकाव धरतो, पण प्राणवायू व प्रकाश यांपुढे तोही खचतो. उष्णतेने या दोन्ही क्रिया वेग घेतात, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा पत्रा ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. अनेक वर्षांनी फोमचा चिकट भुगा होतो. अशा वेळी गोंद तक्त्यास घट्ट धरून असतो, कापडही शाबूत असते. दोहोंमधील दुवाच तुटलेला असतो. भुग्यावर नवा गोंद ओतणे म्हणजे झडणाऱ्या पोपड्यांवर रंग देण्यासारखेच आहे. वाफेने शेकण्याचा उपायही याच कारणाने फार टिकत नाही.

म्हणून तक्ता खाली उतरविणे अपरिहार्य ठरते. सावलीच्या झडपा, छताचा दिवा, हाताच्या मुठी व खांबांवरील आवरणे काढून तो मागील दारातून, न वाकविता, बाहेर घ्यावा. त्यावर एकदा घडी पडली की ती नव्या कापडातूनही दिसते. बाजूच्या एअरबॅग असलेल्या गाडीत आधी बॅटरीची तार सोडून थोडा वेळ थांबणे आवश्यक आहे, व हे काम जाणत्याकडूनच करून घेणे इष्ट. जुने कापड ओढल्यावर उरलेला भुगा मऊ ब्रशने पूर्णपणे खरवडावा. सर्वांत कंटाळवाणा असा हाच भाग, आणि सर्वाधिक हयगयही येथेच होते. भुगा श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून नाकातोंडावर मास्क असावा, काम उघड्यावर करावे.

नवे फोमयुक्त कापड चारही बाजूंनी पाच-सात सेंटिमीटर अधिक घ्यावे. गोंद उष्णता सहन करणारा हवा; साधा गोंद उन्हाळ्यात मऊ पडतो. तो बहुधा ज्वालाग्राही असल्याने जवळपास विडी, शेगडी वा ठिणगी नसावी. कापड तक्त्यावर पसरून अर्धे मागे दुमडावे, तक्ता व फोम दोहोंवर गोंद फवारावा, बोटास चिकटेल पण ओढला जाणार नाही इतपत वाळू द्यावा, आणि मग मध्यापासून कडेकडे तळहाताने हलकेच बसवीत जावे. फार दाबल्यास फोम चेपून गोंद वर उमटतो. उरलेला अर्धा भाग याच रीतीने करावा. खोलगट जागी कापड ताणून न नेता आधी खोलीत बसवावे, अन्यथा तेथूनच ते पुन्हा सुटू लागते. रात्रभर वाळल्यावर कडा मागे वळवून चिकटवाव्यात. दिव्याचे व झडपांच्या स्क्रूंचे छेद मात्र सर्वांत शेवटी, मागून भोके चाचपून घ्यावेत.