पाहुणा म्हणून येणारा क्रिकेटपटू

रणजी करंडकाचा मोसम जवळ आला की गोव्यातील क्रिकेटरसिकांत एक प्रश्न हमखास निघतो: यंदा पाहुणे कोण? 2025 मध्ये यशस्वी जैस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्याची तयारी दाखवली आणि पुढच्याच महिन्यात ती मागे घेतली, तेव्हा ही चर्चा चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली होती. मात्र ज्याचा संसारच या व्यवस्थेवर चालतो, त्या खेळाडूविषयी फारसे बोलले जात नाही.

नियम सोपा आहे. कोणत्याही राज्य संघटनेला बाहेरचे तीनच खेळाडू घेता येतात. खेळाडूने आपल्या मूळ संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र मिळवायचे आणि नव्या संघटनेशी करार करायचा. अशा खेळाडूला आपल्याकडे ‘व्यावसायिक’ म्हणतात. हा शब्द थोडा फसवा आहे, कारण मानधन तर स्थानिक खेळाडूलाही मिळते.

ते किती? क्रिकेट नियामक मंडळाने 2021 मध्ये ठरवलेल्या दरांनुसार प्रथम श्रेणीचे 20 पर्यंत सामने खेळलेल्यास दिवसाला 40 हजार, 21 ते 40 सामने खेळलेल्यास 50 हजार आणि त्यापुढे 60 हजार रुपये. राखीव खेळाडूला याच्या निम्मे. एलिट गटात साखळीचे 7 सामने, म्हणजे 28 दिवस. सगळे सामने खेळणाऱ्या नवोदिताच्या हाती 11 लाख 20 हजार येतात. आकडा लहान नाही. पण स्नायू दुखावला आणि चार सामने बाहेर बसावे लागले, तर हिशेब पार बदलतो. 2020-21 मध्ये कोरोनामुळे रणजी स्पर्धाच झाली नाही, तेव्हा पूर्वी एअर इंडिया, रेल्वे वा बँकेतली नोकरी क्रिकेटपटूला का मोलाची वाटे, हे अनेकांना नव्याने उमगले. पुढे मंडळाने निम्मी भरपाई जाहीर केली.

या जीवनक्रमाचे सर्वांत बोलके उदाहरण अमोल मुजुमदार. 1988 मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी यांची 664 धावांची भागीदारी चालू असताना पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. 1994 मध्ये फरिदाबाद येथे हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणातच त्याने 260 धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातील हा विश्वविक्रम 2018 पर्यंत टिकला आणि मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने इंदूरमध्ये नाबाद 267 धावा करून तो मोडला. मुजुमदारच्या नेतृत्वाखाली मुंबईने 2006-07 चा करंडक जिंकला. मधल्या फळीत द्रविड, तेंडुलकर, गांगुली, लक्ष्मण असताना भारतीय संघाचे दार मात्र त्याच्यासाठी कधीच उघडले नाही. 2009 मध्ये त्याने मुंबई सोडली. आधी आसाम, मग आंध्र. वयाच्या पस्तिशीत परक्या गावी, परक्या ड्रेसिंग रूममध्ये नव्याने धावा काढायच्या आणि शिवाय तरुणांना शिकवायचेही, हे सोपे नव्हते. 2014 मध्ये निवृत्त होताना त्याच्या नावावर 171 सामन्यांत 11,167 धावा व 30 शतके होती.

गोवा 1985-86 पासून रणजी खेळतो. डिसेंबर 2022 मध्ये पर्वरीच्या मैदानावर राजस्थानविरुद्ध मुंबईहून आलेल्या अर्जुन तेंडुलकरने गोव्याकडून पदार्पणात 120 धावा केल्या. त्याच डावात आपल्या सुयश प्रभुदेसाईने 212 केल्या, हे मात्र मथळ्यांत मागे पडले! पाहुण्यांमुळे स्थानिक मुलाची जागा जाते, ही तक्रार खोटी नाही. अकरांतली तीन स्थाने म्हणजे चौथ्या भागाहून अधिक. पण समोरच्या टोकाला पाहुणा फलंदाज उभा असताना द्विशतकापर्यंत मजल मारणे कसे असते, हे प्रस्तुत लेखकापेक्षा प्रभुदेसाईच अधिक चांगले सांगू शकेल.

मुजुमदार पुढे प्रशिक्षक झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक तोच होता.