लंगडणं थांबलं म्हणजे गुडघा बरा झाला?

‘पाय मुरगळलाय, होईल चार दिवसांत बरा.’ कुत्रा मागचा पाय उचलून चालू लागला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. हळदीचा लेप लागतो, शेक दिला जातो. आठवड्या-दोन आठवड्यांत तो पाय टेकवू लागतो आणि घरचे निर्धास्त होतात. घात होतो तो इथेच. गुडघ्यातलं पुढचं क्रूसिएट लिगामेंट पुरतं तुटलं, तर ते पुन्हा जुळत नाही. सूज ओसरते, सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, म्हणून लंगडणं कमी दिसतं. आत मात्र नडगीचं हाड पावलागणिक पुढे सरकत राहतं, मेनिस्कसची गादी फाटू शकते आणि संधिवात वाढत जातो.

कुत्रा बसतो कसा, ते नीट पाहा. दुखरा गुडघा पूर्ण दुमडता येत नाही, म्हणून तो पाय बाजूला फाकवून बसतो. उभा राहताना त्या पायाची फक्त बोटं टेकवतो. दोन्ही मांड्या चाचपल्या तर एक बारीक झालेली हाताला कळते.

‘सोफ्यावरून उडी मारली आणि तुटलं’ हेही अर्धंच खरं. कुत्र्यांमध्ये हे लिगामेंट बहुधा महिनोन् महिने झिजत आलेलं असतं, उडी हे शेवटचं निमित्त. म्हणूनच अशा कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या दुसऱ्या गुडघ्यातलं लिगामेंटही कालांतराने तुटतं. मांजरांचं वेगळं. ‘मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर उतरतं, त्याला काही होत नाही,’ असं म्हणत मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत खिडक्या बिनजाळीच्या राहतात. उंचावरून पडून किंवा गाडीखाली सापडून मांजराच्या गुडघ्याची दोन-तीन लिगामेंटं एकदम तुटतात आणि सांधा निखळतो.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. लिगामेंट एक्स-रेवर दिसतच नाही. गरज पडल्यास गुंगी देऊन डॉक्टर नडगी पुढे सरकते का ते हाताने तपासतात. नुसता एक्स-रे त्या तपासणीला पर्याय नाही.

शस्त्रक्रियेत तुटलेलं लिगामेंट शिवतात, हा सर्वांत रुजलेला समज. झिजलेले धागे टाके धरत नाहीत. कुत्र्याच्या नडगीचा माथा मागच्या बाजूला साधारण 25 अंशांनी उतरता असतो. उतारावर दोराने बांधून ठेवलेली हातगाडी डोळ्यांसमोर आणा. दोर म्हणजे हे लिगामेंट; तो तुटला की गाडी निघाली. अमेरिकन शल्यविशारद बार्कली स्लोकम यांनी 1993 मध्ये मांडलेली टीपीएलओ शस्त्रक्रिया दोर जोडत नाही, उतारच काढून टाकते. नडगीचा माथा गोलाकार कापून फिरवतात, उतार सुमारे 5 अंशांवर आणतात आणि प्लेट-स्क्रूने पक्का करतात. लहान चणीच्या कुत्र्यांत सांध्याबाहेरून जाड नायलॉनचा धागा बांधूनही काम भागतं. मांजराच्या निखळलेल्या गुडघ्यात स्क्रू आणि मजबूत धाग्यांनी कृत्रिम लिगामेंटं उभारतात किंवा काही आठवडे सांधा पिनने स्थिर ठेवतात. सांधाच वाचण्यासारखा नसेल तर तो कायमचा ताठ जोडणं किंवा पाय काढणं उरतं. तीन पायांवरही बरीच मांजरं छान वावरतात.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच, असंही नाही. एकच लिगामेंट तुटलेलं हलकं मांजर काही आठवडे पिंजऱ्यात विसावलं तर अनेकदा सावरतं. मोठ्या, वजनदार कुत्र्याबाबत मात्र मी वाट पाहण्याच्या बाजूने नाही.

घरातली गोळी देऊ नका, हे कळकळीने सांगते. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आणि ऑपरेशननंतर कुत्रा काही दिवसांतच पाय टेकवतो, तेव्हा त्याला मोकळं सोडायचा मोह होतो. कापलेलं हाड जुळायला 8 ते 12 आठवडे लागतात. तोवर शी-शूसाठीही पट्ट्यानेच बाहेर न्या, जिने आणि गुळगुळीत फरशी टाळा, वजन आटोक्यात ठेवा. पट्टा सोडायचा तो पुन्हा काढलेल्या एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसल्यावरच.