बाणाची निवड आणि जुळणी

अर्जुनाचें गांडीव, विष्णूचें शार्ङ्ग, शंकराचें पिनाक, हीं धनुष्यांचीं नांवें घरोघरीं ठाऊक आहेत. परंतु लक्ष्यापर्यंत जातो तो बाण. हौसेनें धनुर्विद्या शिकूं लागलेला तरुण बहुधा सारा पैसा धनुष्यावर खर्च करतो आणि बाण मिळतील ते घेतो. मग नेम चुकूं लागला कीं आपल्या हाताला दोष देतो, आणि महिन्याभरांत धनुष्य खुंटीला टांगलें जातें. वास्तविक पुष्कळदां दोष हाताचा नसून बाणाचा असतो.

येथें विचार आहे तो साध्या लाकडी धनुष्याचा. उजव्या हातानें दोरी ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या बाजूस टेकलेला असतो. दोरी मात्र सुटल्यावर धनुष्याच्या मध्याकडे धांवते. या हिशेबानें बाण डावीकडे फेकला जावयास हवा. तरी योग्य बाण सरळ जातो, तो कां? अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अतिवेगवान चलच्चित्रें घेऊन याचा उलगडा केला. धक्का बसतांच बाण वांकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि माशासारखा लवत लवत सरळ मार्गाला लागतो. बाण फार ताठ असेल तर तो वळसा घालीत नाहीं. फार लवचिक असेल तर गरजेहून अधिक वांकतो. म्हणून बाणाचा ताठपणा धनुष्याच्या जोराशीं जुळला पाहिजे.

हा ताठपणा मोजण्याची रीत सोपी आहे. २६ इंच अंतरावरील दोन आधारांवर लाकडी कांडी ठेवून मध्यभागीं २ पौंड वजन टांगावें. कांडी जितके इंच लवेल, त्या आंकड्यानें २६ ला भागावें. ०.६५ इंच लवली तर उत्तर ४० येतें. म्हणजे ती सुमारें ४० पौंडांच्या धनुष्याजोगी. मात्र बाण लांब असला किंवा टोक जड असलें, तर तोच बाण अधिक लवचिक असल्यासारखा वागतो.

लांबीच्या बाबतींत काटकसर करूं नये. पूर्ण ओढ घेतली असतां बाण धनुष्याच्या पुढें निदान एक इंच राहावा. आंखूड बाण मागें सरकून हातांत घुसण्याचें भय असतें. वजनही फार कमी नको. धनुष्याच्या दर पौंडास ९ ते १० ग्रेन हें प्रमाण नवशिक्याला चांगलें. ३० पौंडांच्या धनुष्यास ३०० ग्रेनांचा, म्हणजे सुमारें १९ ग्रॅमचा बाण झाला. बाण फार हलका असेल तर धनुष्याचा जोर त्याच्यांत न उतरतां धनुष्यावरच उलटतो; रिकामी दोरी सोडल्यानें धनुष्य मोडतें तें याच कारणानें. पिसें खरींच घ्यावींत, कारण तीं धनुष्याला घासतांना दबतात. प्लॅस्टिकचीं पातीं बाणाला ढकलून देतात. एका बाणाचीं तिन्ही पिसें पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाचीं असावींत.

आतां जुळणी. हात थोडा स्थिरावल्यावर दहा यार्डांवरून मऊ लक्ष्यावर पिसांचे तीन बाण आणि त्याच जातीचे बिनपिसांचे दोन बाण सोडावेत. बिनपिसांचे बाण वर लागले तर दोरीवरील खुणेची जागा किंचित् वर घ्यावी, खालीं लागले तर खालीं. ही बाजू सुधारल्यावर डावें-उजवें पाहावें. उजव्या हातानें ओढणाऱ्याचे बिनपिसांचे बाण उजवीकडे गेले तर ते फार लवचिक. टोक हलकें करावें किंवा कांडी थोडी थोडी कापावी, मात्र लांबीची वरील मर्यादा राखून. डावीकडे गेले तर ते फार ताठ. टोक जड करावें. एका वेळीं एकच फेरफार करावा आणि एका बाणावरून निर्णय घेऊं नये. बोटांची चूकही अशीच दिसते.

शेवटीं एक नियम कधींही मोडूं नये. प्रत्येक वेळीं बाण दोरीला लावण्यापूर्वीं हातानें किंचित् वांकवून तपासावा. चीर दिसली किंवा करकर ऐकूं आली तर तो मोडून टाकावा. एका बाणाची किंमत हाताच्या जखमेपेक्षां फार थोडी असते. जुळलेले सहा बाण हातीं आले, म्हणजे नेम चुकला तरी तो कां चुकला हें कळूं लागतें; आणि विद्येची खरी सुरुवात तेथूनच होते.