की फाइल सापडत नाही : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कन्सोलवरून काढलेला गेमचा डंप संगणकावर डिक्रिप्ट करताना सॉफ्टवेअर ‘की फाइल सापडली नाही’ म्हणून थांबले, की गेमची फाइलच बिघडली असे अनेकांना वाटते. बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने गेमला हातही लावलेला नसतो. त्याला हवी असलेली किल्ली ठरलेल्या नावाने, ठरलेल्या जागी मिळालेली नसते, एवढेच.

सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल केल्याने हा एरर जात नाही. अशी सॉफ्टवेअर्स कन्सोल कंपनीच्या किल्ल्या सहसा सोबत देतच नाहीत. तो कायदेशीर धोका बहुतेक जण टाळतात.

निन्टेन्डो थ्रीडीएससाठी लागणारी ‘बूट९.बिन’ ही की फाइल म्हणजे कन्सोलच्या एआरएम९ प्रोसेसरच्या बूट रॉमची प्रत. पूर्ण प्रत नेमकी ६५,५३६ बाइटची असते. आकार वेगळा दिसला तर प्रत अर्धवट आहे किंवा भलतीच फाइल हाती लागली आहे. विंडोज ओळखीच्या प्रकारच्या फाइलनावाचा शेवटचा भाग सहसा लपवते, त्यामुळे ‘बूट९.बिन’ दिसणारी फाइल प्रत्यक्षात ‘बूट९.बिन.बिन’ असू शकते. तासन्‌तास चाललेली शोधाशोध कित्येकदा या एका सेटिंगपाशी संपते.

दुसऱ्याच्या कन्सोलची किल्ली चालते का, याचे उत्तर फाइलगणिक बदलते. बाजारात विकल्या गेलेल्या सर्व थ्रीडीएसमध्ये हा बूट रॉम एकसारखा आहे, त्यामुळे ‘बूट९.बिन’ कोणाचीही चालते. ‘मूव्हेबल.सेड’ ही फाइल मात्र प्रत्येक कन्सोलची वेगळी असते आणि एसडी कार्डावरचा मजकूर तिच्याशीच बांधलेला असतो. मित्राची फाइल तिथे निरुपयोगी.

फाइल जागेवर असूनही किल्ली नाही अशी तक्रार येते, ती मुख्यतः निन्टेन्डो स्विचच्या बाबतीत. ‘प्रॉड.कीज’ ही स्विचच्या किल्ल्यांची साधी टेक्स्ट फाइल आहे. तिच्यात एकेका ओळीत एकेक किल्ली असते. सिस्टिमच्या काही अपडेटबरोबर नवी मास्टर की येते आणि त्यानंतरचे गेम तिच्यावर अवलंबून असू शकतात. जुन्या फाइलमध्ये ती ओळच नसते. कन्सोल अपडेट करून किल्ल्या पुन्हा काढाव्या लागतात. हरवलेली किल्ली संगणकाने अंदाजाने शोधण्याचा विचार सोडूनच द्यावा: १२८ बिटांच्या किल्लीच्या शक्यता ३४ वर ३७ शून्ये इतक्या आहेत.

स्वतः विकत घेतलेल्या गेमसाठी सगळे माफ, हाही समज सरसकट खरा नाही. भारतात २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. याच विषयावरचा अमेरिकेचा १९९८चा कायदा अधिक कडक आहे. ‘युझू’ हा स्विचचे गेम संगणकावर चालवणारा एम्युलेटर किल्ल्या सोबत देत नव्हता, तरी निन्टेन्डोने खटला भरला. मार्च २०२४मध्ये युझूच्या निर्मात्यांनी २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून काम बंद केले. प्रकरण तडजोडीने मिटल्याने असा एम्युलेटर बेकायदेशीर ठरतो का, या मूळ प्रश्नावर न्यायालयात सुनावणी झालीच नाही.