खारपाणपट्टा : विहिरीला पाणी आहे, पण...

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, दर्यापूर-भातकुलीपासून अकोट, तेल्हारा, बाळापूर ते पुढे बुलडाण्यापर्यंत, सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा हा पट्टा. जमीन खोल काळी, कसदार, खोट पाण्यात. विहिरीचं सोडियमयुक्त पाणी दिलं की मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि वरचा थर वाळून कडक होतो. मग पाऊस पडला तरी मुरत नाही. म्हणून इथला जुना हिशेब खरिपात मूग, कपाशी, तूर आणि रब्बीत जमिनीतल्या ओलीवर हरभरा.

सामू 8.5 च्या वर गेला असेल तर माती तपासून जिप्सम टाकावं. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. सुटलेलं सोडियम पावसाबरोबर वाहून जायला शेताला चर मात्र हवाच. चर नसेल तर जिप्समचा खर्च वाया. धैंचा फुलोऱ्याआधी गाडला तर माती मोकळी व्हायला मदत होते.

शेततळं इथं स्वस्तात पडतं, कारण चिकण मातीतून पाणी फारसं झिरपत नाही, प्लास्टिकचं अस्तर बहुधा वाचतं. फार खोल खणू नये. खालचं खारं पाणी वर येतं. साठलेलं गोडं पाणी तुषार संचाने हरभऱ्याला एकदा, फुलोऱ्याआधी द्यावं.