वाय-फायसाठी आधी इंटरनेट आणा

लिनक्सवर बहुतेक ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात. तरीही वाय-फाय अडतं, कारण वाय-फायच्या चिपला स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच चालणारं सॉफ्टवेअर, लागतं आणि ते कंपनीच्या कुलपात असतं. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांनी तर फार छळलं: स्वयंसेवकांनी चिपचं वागणं उलगडून बी४३ हा ड्रायव्हर लिहिला, पण फर्मवेअर कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून काढावं लागे. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वापायी डेबियन हे लिनक्स वितरण असलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. म्हणजे वाय-फाय सुरू करायला फाइल उतरवा, आणि फाइल उतरवायला वाय-फाय हवं! (नेटची केबल असेल तर सुटलात.) २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने हा नियम बदलला; उशिरा का होईना, शहाणपणाच केला. २०२३च्या डेबियन १२पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळतं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांचा बंद ड्रायव्हर मात्र अजून वेगळाच बसवावा लागतो.